पिठ्याचे दात

माझे दात आता रात्री वाटीत झोपतात. सकाळी उठून ते धुवायचे, तोंडात बसवायचे आणि मगच कुणाशी बोलायचं, असा माझा क्रम आहे. नातवंडांना याची मोठी गंमत वाटते. मला मात्र त्या वाटीकडे पाहिलं की माले गावातलं आमचं घर आठवतं आणि त्या घरातली दोन तोंडं आठवतात. एक आमच्या आबांचं, ज्यात एकही दात उरला नव्हता. दुसरं पिठ्याचं, म्हणजे आमच्या सशाचं, ज्याचे दात थांबायलाच तयार नव्हते. आणि या दोघांच्या मधे मी, पुढचे दुधाचे दात नुकतेच पडलेली. "देव दात वाटायला निघाला आन् आपल्या दाराशी यून त्येला डुलकी लागली," असं आबा म्हणायचे आणि आपलं बोळकं उघडून हसायचे. आबांचे आणि माझे मिळून एका माणसाचे दात धड भरले नसते, आणि पिठ्याचे धरले तर उरले असते.

आबा म्हणजे माझ्या वडिलांचे चुलते. त्यांना मूलबाळ नव्हतं, बायको फार पूर्वी गेलेली. वडील लहानपणीच पोरके झाले तेव्हा आबांनीच त्यांना वाढवलं, त्यामुळे घरात शेवटचा शब्द वडिलांचा असला तरी त्याच्या आधीचा शब्द आबांचा असे. वडिलांना मी दादा म्हणायची. पौडाकडून मुळशीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या वरच्या अंगाला आमचं घर. पुढची भिंत दगडाची आणि आत पडवी व गोठा यांच्यामधे कारवीच्या काठ्यांचा कूड, वरून मातीशेणानं लिंपलेला. त्या कुडाला पाठ लावून आबा दिवसभर बसत. त्यांच्या मांडीपाशी दोन वस्तू असत, अडकित्ता आणि पान कुटायचा लोखंडी खलबत्ता. सुपारी त्यांना चावता येत नव्हती, पण कातरण्यात त्यांचा हात धरणारा आळीत कुणी नव्हता. कुणाची सोयरीक असो, पंगत असो, सुपारी आबांकडे येई. चहाची कपबशी धरताना त्यांचा हात इतका कापायचा की निम्मा चहा धोतरावर जायचा. तोच हात अडकित्त्यावर आला की गप्प होई. हे मी रोज पाहत होते आणि त्यात काही विशेष आहे असं मला तेव्हा वाटत नव्हतं. लोकांना पातळ कातरण वाटून झालं की स्वतःचं पान ते खलबत्त्यात कुटत. टक, टक, टक, मग थोडं थांबून पुन्हा टक. आमची सकाळ त्या आवाजानं व्हायची.

आबांसाठी आई वेगळा भात शिजवी. आंबेमोहोराच्या कण्या, भरपूर पाणी, चुलीच्या वैलावर ठेवून ठेवून अगदी गुरगुट्या केलेला, वर म्हशीचं दूध आणि मिठाचा खडा. आम्हाला नाचणीची भाकरी आणि कोरड्यास, आबांना तो भात. मला त्याचा फार हेवा वाटे. आजारी पडल्याशिवाय तो आमच्या ताटात येत नसे, म्हणून मी अधूनमधून आजारी पडत असे.

अशात मामा ससा घेऊन आला. मामा धरणावरच्या एका बंगल्यात माळीकाम करायचा. तिथल्या साहेबांची बदली झाली, सामान गेलं, माणसं गेली, आणि मागे एक ससा राहिला. मामानं त्याला पाटीत घातलं, वर फडकं बांधलं आणि चालत आमच्याकडे आणलं. फडकं सोडलं तेव्हा पडवीत जमलेली सगळी माणसं एकदम मागे सरली. ससे आम्हाला नवे नव्हते. रानातले तपकिरी ससे दादा वाघरीत, म्हणजे जाळ्यात, धरून आणत आणि आम्ही ते आवडीनं खात असू. पण हा पांढरा होता, नखशिखांत पांढरा, आणि डोळे गुंजेसारखे लाल. शेजारच्या काकूंनी तर हातच जोडले. दादांनी मात्र त्याला कानांच्या मागे धरून उचललं, वजनाचा अंदाज घेतला आणि म्हणाले, "दोन येळचं कालवण हाय." मी भोकाड पसरलं. आबा म्हणाले, "ठिव त्येला खाली, गणपत. पाहुणा हाय त्यो." पाहुणा म्हटल्यावर प्रश्न मिटला. पिठाच्या डब्यात पडून आल्यासारखा दिसतो म्हणून मी त्याचं नाव पिठ्या ठेवलं.

आता पाहुण्याला खायला काय घालायचं? मी गवत उपटून आणलं तर आई माझ्यावरच डाफरली. "बंगल्यात वाढल्याला जीव त्यो. त्येला आपलं रानगवत सोसंल व्हय? ढोर हाय का त्ये?" आणि तिनं आबांच्या भातातला एक डाव वाटीत काढून त्याच्यापुढे ठेवला. आईच्या लेखी माया म्हणजे मऊ भात. बाळंतिणीला मऊ भात, तापकऱ्याला मऊ भात, म्हाताऱ्याला मऊ भात. जो जीव आपल्या भरवशावर आला त्याला चावायचे कष्ट द्यायचे नाहीत, हा तिचा धर्मच होता. पिठ्यानं आधी नाक हलवून हलवून वास घेतला, मिशांना दूध लावून घेतलं आणि मग वाटी चाटून पुसून ठेवली. त्या दिवसापासून आबांचं ताट वाढलं की पिठ्या टुणटुण उड्या मारत त्यांच्या मांडीपाशी येऊन बसू लागला. एक घास आबा, एक घास पिठ्या. आबांचा हात कापायचा त्यामुळे भाताची शितं सांडत आणि पिठ्या ती धोतरावरून टिपून घेई.

एकच खोड त्याच्यात होती. तो कुरतडायचा. खुरप्याची मूठ, पाटीचा काठ, दादांच्या छत्रीचा दांडा, जे लाकूड दिसेल त्याला तोंड लावायचा. कुडाचा लिंपा तर त्यानं खालून उकरून काढला आणि आतल्या कारवीच्या काठ्या करकर चावू लागला. आईला उंदरांचा भारी तिटकारा. रात्री कुठं कुरकुर ऐकू आली की ती उठून पळी फेकून मारायची. तिनं दादांची अवजारं माळ्यावर टाकायला लावली, पाटी उचलली, कुडाला शेणात कडुनिंबाचा पाला कालवून जाड थर दिला आणि पिठ्यासाठी मोरीपाशी दगडांचा आडोसा केला. "आता चाव म्हणावं धोंडं," ती म्हणाली. भात मात्र आधीपेक्षा जास्त मिळू लागला, कारण आईला वाटलं, पोट भरत नसेल म्हणून चावत असेल.

दिवाळी गेली, भात झोडून झाला, थंडी सरली. शिमगा जवळ आला तेव्हा पिठ्या वाळू लागला. वाटीपाशी येई, नाक हलवी, तोंड घाली आणि तसाच मागे होई. हनुवटी सतत ओली. आईनं मीठमिरच्या उतरून चुलीत टाकल्या. शेजारच्या काकूंचे डोळे फार चांगले नव्हते असं तिचं मत होतं. दृष्ट काढूनही पिठ्या खाईना. भात आणखी पातळ केला, मग नुसती पेज, मग नुसतं दूध. पाठीचा कणा हाताला लागू लागला. मी त्याला मांडीवर घेऊन बसायची आणि रडायची.

एके दिवशी आबांनी त्याला मांडीवर उताणा घेतला. म्हणाले, "बोळके, हितं ये. ह्येचा व्हट धर वर." मला ते लाडानं बोळकी म्हणत. मी दोन बोटांनी वरचा ओठ उचलला आणि जे पाहिलं ते आजही डोळ्यांपुढे आहे. खालचे दोन दात वरच्या ओठाआड नाकाच्या दिशेनं वर चढलेले, लांब, पिवळसर. वरचे दोन आत वळलेले, वाकून वाकून त्यांची टोकं टाळ्यापाशी गेलेली. बिचाऱ्याला तोंडच मिटता येत नव्हतं. एवढ्याशा त्या तोंडात एवढे दात आले कुठून? मामानं त्याला आणला तेव्हा तर ते असे नव्हते. म्हणजे ते वाढत होते. आम्ही जेवत होतो, झोपत होतो, भात झोडत होतो, तेव्हा हे आत गुपचूप वाढत होते. भीती म्हणावं तर भीती नव्हती. देवळात गाभाऱ्यात डोकावल्यावर जसं गप्प व्हायला होतं तसं मी गप्प झाले. आबा आपल्या हिरड्यांवरून जीभ फिरवून म्हणाले, "माजं गेलं ते गेलं. आन् ह्येचं बग, थांबंनात."

माझ्या डोक्यात तेव्हा निराळाच संशय आला. पडलेला दात शेणाच्या गोळीत घालून कौलांवर टाकायचा आणि नवा मागायचा, अशी आमच्याकडे रीत. मी दोन्ही टाकले होते आणि अजून एकही उगवला नव्हता. माझे दात देवानं चुकून याला तर दिले नाहीत? कुणाला बोलले नाही, पण पिठ्यावर त्या दिवशी थोडी रागावलेच.

दादांनी तोंड पाहिलं आणि ओठ सोडून दिला. "ह्यो आता उपाशी मरणार, आबा. चार दिस, लई तर आठ. हाल हाल हून मरण्यापरीस..." माझ्याकडे पाहून ते थांबले. दादा दुष्ट नव्हते. जनावर तडफडत ठेवणं त्यांना पाप वाटायचं. पाय मोडलेली शेळीसुद्धा त्यांनी कधी दिवसभर तशी ठेवली नाही. दुसऱ्या दिवशी गावाची शिमग्याची शिकार होती. खांद्यावर वाघर टाकून निघताना ते म्हणाले, "सांजच्याला मी आल्यावर बगतो. पोरीला तवा शेजारी धाडा." आईनं मान डोलावली. आबा खलबत्ता पुढे ओढून पान कुटत राहिले. दादा वळणाआड गेले आणि तो आवाज थांबला.

"सूनबाई," आबांनी आत हाक मारली, "जरा भायेर या. पिठ्याला घिऊन." आणि अडकित्ता धोतराच्या सोग्यानं पुसू लागले. आईला ते काय करणार ते लगेच कळलं असावं, कारण ती दारातच थबकली. "मामंजी, दात फुटला मंजी? सुपारी फुटती तसा उभा चिरला मंजी?" आबा म्हणाले, "चिरला तर गणपत हायच की सांजच्याला." आई आत जाऊन पिठ्याला घेऊन आली.

आईला मी आबांच्या समोर बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. सासऱ्यांसमोर सून बसत नसे. ताट वाढायची तेही डोईवर पदर घेऊन, बाजूनं, आणि बोलायचं झालं तर दाराआडून. त्या दुपारी ती त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली. पिठ्याला तिनं फडक्यात गुंडाळून छातीशी धरलं, डोकं एका हातानं आवळलं. ओठ धरायचं काम माझं. आबांनी आधी कारवीची एक बारीक काटकी अडकित्त्यात धरून कातरली, मग तिच्याहून बारीक दुसरी. मग अडकित्ता पिठ्याच्या तोंडाशी नेला. पिठ्याचं काळीज इतकं धडधडत होतं की आईचा हात हलत होता. आईच्या डोईवरचा पदर खांद्यावर घसरला. तिनं तो सावरला नाही, आबांनी पाहिलं नाही. मी आबांच्या हाताकडे पाहत होते. तो हात, सकाळी चहा सांडलेला, दगडात कोरल्यासारखा स्थिर झाला होता. पात्यांच्या मधे दात आला. कट्.

तुकडा उडून माझ्या परकरात पडला. दात फुटला नव्हता, सुपारीच्या कातरणीसारखा सपाट तुटला होता. रक्त नाही, काही नाही. मग दुसरा, मग आत वळलेले वरचे. त्या दोघांना आबांनी फार वेळ घेतला, पातं टाळ्याला लागू नये म्हणून खालून हळू सरकवत. चौथा तुकडा पडला, त्यांनी अडकित्ता खाली ठेवला आणि त्यांचा हात असा कापू लागला की आईनं तो आपल्या दोन्ही हातांत धरला. सासऱ्यांचा हात सुनेनं धरला. मग आईला भान आलं, तिनं पदर घेतला आणि उठून आत गेली.

आत जाऊन ती भाताची वाटी घेऊन आली, पण पिठ्यानं भाताकडे पाहिलं नाही. मी बांधावरची हरळी उपटून आणली. या वेळी आई डाफरली नाही. आबांनी ती खलबत्त्यात टाकली आणि पान कुटावं तशी कुटली. टक, टक, टक. हिरवा लगदा त्यांनी बोटावर घेऊन पिठ्याच्या ओठांना लावला. त्यानं नाक हलवलं. जीभ काढली. बोट चाटलं. पुन्हा चाटलं. "खातुया!" आई इतक्या मोठ्यानं ओरडली की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. मी ते चार तुकडे शेणाच्या गोळीत घातले आणि कौलांवर भिरकावले. निम्मे आबांना दे आणि निम्मे मला, असं देवाला मोठ्यानं सांगून टाकलं. माझे पुढे महिन्याभरात आले. आबा मात्र रोज हिरडी चाचपून मला विचारत राहिले, "माजी पाळी कवा गं?"

सांज झाली, दादा आले. खांद्यावर रानससा, त्यांच्या वाट्याला आलेला. पडवीत पाय ठेवल्याबरोबर त्यांनी पाहिलं, पिठ्या आबांच्या मांडीवर आणि तोंड हिरवंगार. त्यांनी त्याचा ओठ उचलून दात पाहिले, अडकित्त्याकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं. मग खांद्यावरचा मेलेला ससा खाली ठेवला, त्याच्यापाशी बसले आणि त्याचंही तोंड उघडलं. आयुष्यात किती ससे त्यांनी सोलले असतील, पण तोंडात डोकावायचं कारण त्यांना कधी पडलं नव्हतं. रानसशाचे दात आखूड, सरळ, वरचे खालच्यांवर बरोबर बसलेले, कडा कानशीनं घासल्यासारख्या. दादांनी अंगठा त्या कडेवरून फिरवला. पुन्हा फिरवला. "आबा," ते हळूच म्हणाले, "ह्येचंबी वाडत असणार. समद्या सशांचं वाडत असणार. पर ह्यो दिसभर वाळकं गवात, साली, काटक्या चावतुया. वाडतंय तेवडं घासतंय." मेलेल्या सशापुढे माझ्या बापाला असं मऊ आवाजात बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. रानात रोज हे घडत होतं, आमच्या घरामागच्या उतारावर, आणि आम्ही कुणी जाणत नव्हतो.

आई दारात उभी होती. तिच्या हातात ती वाटी अजून तशीच होती. "मंजी माज्या भातानं..." ती म्हणाली. आबा दाराकडे न पाहता म्हणाले, "तुज्या भातानं मी जगलो, सूनबाई. ज्येला दात न्हाईत त्येचा त्यो भात. ज्येला हायेत त्येनं चावावं." दादा उठले, गंजीतून वाळक्या गवताची पेंढी ओढून आणली आणि मोरीपाशी केलेला तो दगडांचा आडोसा एकेक धोंडा उचलून बाहेर टाकला.

त्या संध्याकाळी आम्ही रानसशाचं कालवण खाल्लं. मीही खाल्लं आणि ते चवदार होतं. हे आता सांगितलं की नातवंडं तोंडं वाकडी करतात. त्यांना मी काय समजावू? आबांना नुसता रस्सा मिळाला, भातावर घालून. पिठ्या त्यांच्या शेजारी गवताची काडी चघळत होता. जेवणं चालू असताना तो उठला, कुडापाशी गेला, कडुनिंबाचा लिंपा पंजांनी उकरला आणि आतल्या कारवीला तोंड लावलं. करकर, करकर. आईनं सवयीनं पळी उचलली. दादा म्हणाले, "खाऊ दे. कूड परत घालता यील." आईनं पळी खाली ठेवली.

एकदा वाकडे झालेले दात पूर्ण सरळ कधी झाले नाहीत. मधूनमधून अडकित्ता लागायचाच, आणि आई पुन्हा आबांच्या समोर बसायची, पदर नीट घेऊन. एक दिवस अडकित्त्यावरही आबांचा हात कापू लागला. त्यांनी मुकाट्यानं तो दादांच्या हातात दिला आणि नुसते शेजारी बसून "हळू, हळू" म्हणत राहिले. त्याच्या पुढच्या पावसाळ्यात आबा गेले. पिठ्या त्यांच्यानंतर काही वर्षं होता. कुडाच्या त्याच कोपऱ्यात, आबांच्या पाठीनं जिथं लिंपा गुळगुळीत झाला होता त्याच्या खाली, तो रोज चावत बसे.

दर दिवाळीला आई घर सारवायची. भिंती, कूड, उंबरा, एक बोटभर जागा सोडायची नाही. सारवणात तिची शिस्त कडक होती. पण त्या कोपऱ्यातला खालचा हातभर कूड ती कोरडा ठेवी. कारवीच्या काठ्या उघड्या, चावलेल्या, तशाच. पिठ्या म्हातारा होऊन गेला त्या वर्षी मी, नुकतीच लग्न होऊन सासरी गेलेली, दिवाळीला माहेरी आले होते. आई सारवत होती. वरून खाली येत तिचा हात त्या जागेपाशी आला आणि थांबला. मी म्हटलं, "आये, आता लिंप की. कोण चावायचंय?" तिनं शेणाचा हात पाटीत बुडवला आणि पुढच्या भिंतीकडे सरकली.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "तेवडं त्येंचं हाय."